बार कुठे थांबवावा?

‘मॅग्नम’ हा शब्द मुळात शॅम्पेनच्या मोठ्या बाटलीचा. इंग्रज बंदूकवाल्यांनी तो उचलून जास्त दारू मावणाऱ्या काडतुसांना दिला. मराठीत दोन्हीकडे ‘दारू’च असल्याने हा श्लेष आपल्याला फुकट मिळाला!

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने १९१२ साली .३७५ मॅग्नम काढले. त्याचे पितळी कवच लांब, निमुळते. आत कॉर्डाइटच्या शेवयांसारख्या काड्या भरायच्या होत्या. कॉर्डाइटचा स्वभाव मात्र तापट. हवा तापली की त्याच वजनाच्या बाराचा दाब वाढे. इंग्लंडच्या गारठ्यात निर्धोक ठरलेला बार हिंदुस्थानच्या वैशाखात रिकामे कवच बंदुकीतच अडकवून ठेवी. समोर जखमी वाघ आणि दुसरी गोळी भरता येत नाही, ही कल्पनाच करावी! म्हणून उष्ण मुलुखासाठी कमी दारूची काडतुसे वेगळी बनत. संस्थानिकांच्या शिकारकथांचा मी हौशी वाचक. त्यांत ढाण्या वाघ पुष्कळ भेटतात, हा हिशेब क्वचितच.

कारखान्याने केलेला हा हिशेब अमेरिकेतील हौशी शिकाऱ्याने स्वतःच्या हाती घेतला. वापरलेले कवच पुन्हा मापात आणायचे, नवी केप बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी सरकारची शिलकी दारू घाऊक विकत घेऊन अशा लोकांना स्वस्तात विकली. त्यातली २० मिलिमीटर तोफेसाठी बनलेली, सावकाश जळणारी दारू मॅग्नमच्या मोठ्या पोटाला नेमकी मानवली. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, कॅलिफोर्नियात रॉय वेदरबी यांनी वेगवान मॅग्नमचे दुकान थाटले आणि वेगाचे वेड पसरले.

या वेडाला लगाम होता तो तराजूचा. मोजमाप ग्रेनमध्ये; एक ग्रेन म्हणजे सोनाराची जेमतेम अर्धी गुंज. छापील कोष्टकातल्या किमान बारापासून सुरुवात करून थोडे थोडे चढायचे आणि प्रत्येक बारानंतर पितळ वाचायचे. केप चपटी झाली, बोल्ट उचलायला जड गेला, की मागे फिरायचे. या खुणाही उशिराच बोलतात. कोष्टकातील कमाल आकडा ओलांडायचाच नाही, हा म्हणून पहिला नियम. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याविना दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही संपली.

अमेरिकेतले जाणते मात्र आजही हिवाळ्यात बसवलेला बार भर उन्हाळ्यात पुन्हा तपासून घेतात.