चौकटीच्या कागदावरची वेल

लालबाग-परळमध्ये ‘विणकर’ म्हटलं की साचाखात्यातला गिरणी कामगार डोळ्यांपुढे येतो. पण याच मुंबईत, गिरगावच्या कडेला, विणकर या शब्दाला दुसराही अर्थ होता. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ च्या सुमारास विणकर सेवा केंद्रं सुरू झाली. मुंबईचं केंद्र पहिल्या काहींपैकी. आज ते ऑपेरा हाऊसजवळ मामा परमानंद मार्गावर आहे. हातमागाला नव्या नक्ष्या मिळाव्यात म्हणून तिथे चित्रकार नेमले गेले. जे. जे.मधून बाहेर पडलेले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये या नोकरीत शिरले. काही वर्षं बनारसला होते, पुढे मुंबईत आले.

चित्रकाराने नक्षी काढायची, विणकराने ती विणायची, इतका सोपा हा व्यवहार नसतो. कागदावरची वेल आधी चौकटीच्या कागदावर उतरवावी लागते. एक चौकट म्हणजे उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांना ओलांडतात ती जागा. वर कोण, खाली कोण, एवढंच तिथे ठरतं. त्यामुळे गोल वळणाच्या पायऱ्या होतात. धागा लांबवर मोकळा राहिला तर तो वापरताना अडकतो; म्हणून मोठ्या पाकळीतही तो मधेमधे बांधून घ्यावा लागतो. लाल ताण्यात हिरवा बाणा भरला की दोन्हींहून वेगळी, हलती छटा दिसते. यातलं पुष्कळसं कुंचल्यापेक्षा धोट्याला आधी कळतं. चित्रकाराला इथे विणकराकडून शिकावंच लागतं.

तरी कलेच्या इतिहासात नाव लागतं ते चित्रकाराचं. बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ आपण आवडीने वाचतो. मागावर बसणारा माणूस ‘कारागीर’ एवढ्या एका शब्दात उरकतो.

मला हे टोचतं, कारण माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. आवाजातल्या फरकावरून कुठला साचा बिघडणार हे ते ओळखत. कापडावर काय उमटावं, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढे साचे भंगारात गेले. हातमागाची नक्षी निदान चौकटीच्या कागदावर उतरली. साच्याचा आवाज ऐकणाऱ्या कानांचं शिक्षण कुठल्याच कागदावर उतरलं नाही.