मापाबरहुकूम सायकल

मापाबरहुकूम सायकल म्हणजे एखाद्या व्यक्तीची शरीरमापे, तिचा सायकल वापरण्याचा हेतू आणि तिची आवड लक्षात घेऊन एकट्या तिच्यासाठी बनवलेली सायकल होय. चाके, ब्रेक, गिअर, साखळी हे भाग अशा सायकलीतही बहुधा तयार मालातलेच असतात. वेगळा असतो तो सांगाडा, ज्याला दुकानांत आणि बोलण्यात फ्रेम म्हणतात. त्यामुळे अशी सायकल करवून घेणाऱ्यापुढे मुख्यतः दोन प्रश्न असतात : सांगाडा कशाचा असावा आणि तो कोणाकडून बनवून घ्यावा. हे प्रश्न स्वतंत्र वाटले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कारण प्रत्येक साहित्याचे जोडकाम वेगळे असते आणि एका साहित्यात तरबेज असलेला कारागीर दुसऱ्यात तसा असेलच असे नाही.

इतिहास

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सायकल आणली. त्यानंतर काही वर्षांतच दोन त्रिकोणांचा आजचा सांगाडा रूढ झाला. नळ्या पातळ केल्या तर सायकल हलकी होई, पण सांध्याजवळ जोडकामाच्या उष्णतेने त्या कमकुवत होत. बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या रेनॉल्ड्स घराण्यातील आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये यावरील उपायाचे एकस्व घेतले. त्यांच्या नळीची बाहेरची जाडी सर्वत्र सारखीच राही, परंतु आतून टोकांकडे तिची भिंत जाड आणि मध्यभागी पातळ असे. अशा नळ्यांना 'बटेड' नळ्या म्हणतात. उत्तम पोलादी सांगाड्यांत आजही त्याच वापरतात. याच कंपनीने १९३५ मध्ये 'रेनॉल्ड्स ५३१' हे मँगॅनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद बाजारात आणले आणि पुढची चार दशके ते चांगल्या शर्यती सायकलीची ओळख बनून राहिले. इटलीत तेच स्थान मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्यांना मिळाले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामवंत शर्यतपटूची सायकल मापानेच बनत असे. मिलानमधील व्हिगोरेल्ली या सायकल-धावपट्टीच्या इमारतीतच फालिएरो मासी यांची कार्यशाळा होती. एखाद्या खेळाडूच्या सायकलीवर प्रायोजक कंपनीचे नाव रंगवलेले असे, पण सांगाडा दुसऱ्याच कारागिराच्या हातचा असे; हा प्रकार उघड गुपित म्हणावा इतका सर्रास चाले. बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. त्यांची सुमारे पावणेसहा किलो वजनाची सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी केवळ त्या एका तासासाठी बांधली होती.

ॲल्युमिनियम आणि पुढे कार्बन तंतूंचे साचेबद्ध सांगाडे पूर्व आशियातील कारखान्यांत मोठ्या संख्येने बनू लागल्यावर ही पद्धत मागे पडली. टूर द फ्रान्स ही शर्यत पोलादी सांगाड्यावर जिंकणारे शेवटचे विजेते १९९४ चे मिगेल इंदुराइन मानले जातात. त्यानंतर हातबांधणी हा मुख्यतः हौशी सायकलस्वारांच्या मागणीवर चालणारा व्यवसाय झाला. अमेरिकेत ह्यूस्टन येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या हातबांधणीच्या सायकलींच्या प्रदर्शनाने त्याला पुन्हा उजाळा दिला.

सांगाड्याचे साहित्य

साहित्यांची तुलना करताना बहुधा वजनापासून सुरुवात केली जाते, परंतु केवळ वजन पाहणे फसवे ठरते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, टायटॅनियमची ४.५ पट आणि ॲल्युमिनियमची २.७ पट असते. पदार्थाचा ताठपणा दाखवणारा यंगचा गुणांक पोलादाच्या बाबतीत सुमारे २००, टायटॅनियमच्या ११० आणि ॲल्युमिनियमच्या ७० गिगापास्कल असतो. या गुणांकाला घनतेने भागल्यास तिन्ही धातूंसाठी जवळपास एकच आकडा, म्हणजे २५ च्या आसपास मिळतो. वजनाच्या मानाने तिन्ही धातू सारखेच ताठ आहेत, असा याचा अर्थ होतो. सांगाड्यांत जो फरक जाणवतो तो मुख्यतः नळीच्या मापांमुळे येतो.

पातळ भिंतीच्या नळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर वजन व्यासाच्याच प्रमाणात वाढते. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळी दुप्पट जड, परंतु आठपट ताठ होते. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या जाडजूड दिसतात त्या यामुळेच. हलका धातू असल्याने व्यास वाढवूनही भिंत पुरेशी जाड ठेवता येते. पोलादात हाच प्रयोग केला तर वजन राखण्यासाठी भिंत इतकी पातळ करावी लागेल की ती शीतपेयाच्या डब्यासारखी चेपेल. जुन्या पोलादी सांगाड्यांत दांडी २५.४ मिलिमीटर आणि तिरपी नळी २८.६ मिलिमीटर व्यासाची असे. भिंत टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर असणे सामान्य होते.

पोलाद : मापाने बनणाऱ्या सायकलींत पोलादाचे स्थान आजही मोठे आहे आणि त्याची कारणे भावनिकपेक्षा व्यावहारिक अधिक आहेत. हव्या त्या मापाच्या नळ्या सुट्या मिळतात, त्या कापून जोडण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत आणि एखादी नळी खराब झाल्यास ती काढून दुसरी बसवता येते. पोलादाला शिणवट्याची मर्यादा असते. म्हणजे ठरावीक मर्यादेखालचे ताण कितीही वेळा पडले तरी त्याला सहसा तडा जात नाही. जोडकाम तीन प्रकारांनी होते. पहिल्यात 'लग' नावाच्या बाहीसारख्या तुकड्यांत नळ्या बसवून पितळ किंवा चांदीयुक्त धातू वितळवून सांधा भरतात. दुसऱ्यात लग न वापरता सांध्याभोवती पितळाची गोलाई देतात. तिसरा प्रकार म्हणजे टिग वेल्डिंग. सर्वच पोलादांना तिन्ही पद्धती मानवत नाहीत. 'रेनॉल्ड्स ५३१' हे झाळकामासाठी बनवलेले होते. १९७० च्या दशकातील 'रेनॉल्ड्स ७५३' च्या नळ्या इतक्या पातळ आणि उष्णतेबाबत इतक्या नाजूक होत्या की त्यांना कमी तापमानाचा चांदीचा डाखच चाले. नमुन्याचे सांधे पाठवून कंपनीची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या कारागिरांनाच त्या विकल्या जात. उलट १९९० च्या दशकातील '८५३' हे पोलाद वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळ अधिक कणखर होते. पोलादाचा मुख्य दोष गंज हा आहे आणि तो बहुधा आतून लागतो.

ॲल्युमिनियम : स्वस्त आणि हलके असूनही मापाच्या सायकलींत ते कमी आढळते. नेहमीच्या ६०६१ मिश्रधातूची ताकद वेल्डिंगमुळे बरीच घटते आणि ती परत आणण्यासाठी पूर्ण सांगाडा भट्टीत तापवून, झटकन थंड करून पुन्हा ठरावीक काळ उष्ण ठेवावा लागतो. ही सोय एकट्या कारागिराकडे क्वचितच असते. ॲल्युमिनियमला पोलादासारखी शिणवट्याची मर्यादा नसल्याने सांगाडा सुरुवातीपासूनच गरजेपेक्षा बराच मजबूत आखावा लागतो.

टायटॅनियम : हा धातू गंजत नाही, रंगाशिवाय वापरता येतो आणि शिणवट्याला चांगला टिकतो. नळ्यांसाठी सहसा ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू वापरतात. अडचण वेल्डिंगची आहे. तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, त्यामुळे सांध्याच्या बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायूचे आवरण द्यावे लागते. चंदेरी किंवा फिकट पिवळसर वेल्ड समाधानकारक समजतात. निळा, जांभळा किंवा पांढरट भुकटी आलेला वेल्ड आवरण अपुरे पडल्याचे सांगतो. मात्र सांगाडा घासून चकचकीत केल्यावर ही खूण उरत नाही.

कार्बन तंतू : राळेत बसवलेले हे तंतू ज्या दिशेने ठेवावेत त्या दिशेने ताकद मिळते. वजनाच्या मानाने ताठपणात धातू त्यांची बरोबरी करू शकत नाहीत. अमेरिकेच्या ग्रेग लेमॉन्ड यांनी १९८६ ची टूर द फ्रान्स कार्बन नळ्यांच्या सांगाड्यावर जिंकली. कारखान्यात प्रत्येक आकारासाठी महागडा साचा लागतो, म्हणून तयार कार्बन सायकल मोजक्याच मापांत मिळते. मापाने बनवणारे कारागीर नळ्या कोनात कापून चिकटवतात आणि सांध्यावर तंतूंचे कापड गुंडाळतात. आघातानंतर आतले थर सुटले तरी पृष्ठभाग शाबूत दिसू शकतो, हा या साहित्यातील मोठा धोका होय. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना टेकल्यास ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये विद्युतरोधक थर द्यावा लागतो.

बांबूचे सांगाडे १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये बनले होते आणि अलीकडे ते पुन्हा दिसू लागले आहेत. सांधे राळेत भिजवलेल्या तंतूंनी बांधतात. बांबू नीट वाळवलेला नसेल तर तो उकलतो.

आरामाविषयीचे समज

'पोलाद मऊ चालते, ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते' हे मत फार प्रचलित आहे. परंतु दोन त्रिकोणांचा सांगाडा उभ्या दिशेने अगदी थोडाच दबतो; टायर, सीट आणि सीटचा खांब त्याहून पुष्कळ अधिक दबतात. त्यामुळे रुंद टायर बसवून त्यातील हवा थोडी कमी केल्याने पडणारा फरक साहित्य बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा सहसा मोठा असतो. १९९० च्या दशकात एका अमेरिकी सायकल नियतकालिकाने इटालियन कारागीर अंतोनियो मोंदोनिको यांच्याकडून निरनिराळ्या प्रतींच्या कोलंबस पोलादी नळ्यांचे, पण एकाच मापाचे सात सांगाडे बनवून घेतले. नळ्यांची नावे न सांगता ते चालवायला दिल्यावर परीक्षकांना महाग आणि स्वस्त नळ्यांत खात्रीने फरक करता आला नाही. रुंद टायर आणि मडगार्ड यांना पुरेशी जागा सोडणे म्हणूनच साहित्याइतके, कदाचित अधिक महत्त्वाचे ठरते; ही जागा नंतर वाढवता येत नाही.

मापे आणि कोन

तयार सायकलीत उंचीवरून आकार ठरतो. मापाच्या सायकलीत पायांची लांबी, धड, हात, खांद्यांची रुंदी आणि शरीराची लवचीकता यांचा स्वतंत्र विचार होतो. सीटच्या नळीचा कोन बहुधा ७२ ते ७४ अंश असतो. हँडलच्या नळीचा कोन आणि पुढच्या फोर्कचा बाक यांवर सायकल सरळ धावेल की चटकन वळेल हे ठरते.

सर्वाधिक लाभ होतो तो सरासरीपेक्षा फार उंच किंवा फार ठेंगण्या व्यक्तींना. सांगाडा लहान असूनही चाक मोठेच ठेवले, तर वळताना पायाचे बोट पुढच्या चाकाला लागते. ते टाळण्यासाठी कारखाने अनेकदा कोन बदलतात आणि सायकलीची चाल बिघडवतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८० च्या दशकात स्त्रियांसाठी पुढचे चाक लहान असलेल्या सायकली बनवून यावर सरळ तोड काढली. ज्याला तयार मापाची सायकल नीट बसते आणि नेहमीचाच वापर करायचा आहे, त्याला मापाच्या सांगाड्याने फारसे काही अधिक मिळत नाही.

कारागिराची निवड

आधी साहित्य ठरवून मग कारागीर शोधावा, असा सामान्य क्रम असतो. जाणकार बरेचदा तो उलटा करतात : ज्याचे काम विश्वासाचे आहे असा कारागीर गाठावा आणि तो ज्यात निष्णात आहे ते साहित्य स्वीकारावे. जपानमध्ये १९४८ पासून चालणाऱ्या केइरिन शर्यतींत हे तत्त्व नियमातच उतरले आहे. तेथे पुरुष स्पर्धकांचे सांगाडे पोलादाचेच असावे लागतात आणि ते मान्यताप्राप्त कारागिरांनीच बनवलेले असावे लागतात. इटलीत काम शिकून आलेले योशिआकी नागासावा हे अशा कारागिरांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत. १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे स्प्रिंट प्रकाराचे जगज्जेतेपद मिळवणारे कोइची नाकानो त्यांचे सांगाडे वापरीत.

रंग आणि नक्षीदार लग यांवरून कामाची पारख होत नाही. सांध्यात डाख सगळीकडे पोचला आहे का, नळी सांध्याला घट्ट बसेल अशी घासली होती का, उष्णता जास्त झाली का, या गोष्टी रंगाखाली झाकल्या जातात. म्हणून रंगापूर्वीच्या सांध्यांची छायाचित्रे मागणे, कापून दाखवलेला नमुना पाहणे आणि पाच-दहा वर्षे जुन्या सायकलींच्या मालकांशी बोलणे अधिक उपयोगी ठरते. चांगला कारागीर स्वतःही बरेच प्रश्न विचारतो : वजन किती, सामान किती वाहणार, रस्ता कसा, जुनी दुखापत आहे का. काही न विचारता केवळ मापे घेणाऱ्याकडून मापाची सायकल मिळेलच याची खात्री नसते. आयएसओ ४२१० या मानकात सांगाडा व फोर्क यांच्या शिणवट्याच्या आणि आघाताच्या चाचण्या आहेत. परंतु त्यांत नमुना अखेरपर्यंत ताणला जात असल्याने एकुलत्या एका सांगाड्यावर त्या करणे शक्य नसते. तेथे कारागिराचा अनुभव आणि त्याने घेतलेला दायित्व विमा यांवरच भिस्त असते.

व्यवहाराची बाजूही नाजूक आहे. बहुतेक कार्यशाळा एक-दोन माणसांच्या असतात, आगाऊ रक्कम घेतात आणि काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत थांबायला लावतात. इंग्लंडमधील डर्बी येथे १९४६ पासून चालत आलेल्या मर्सियन या नामांकित कार्यशाळेनेही २०२४ मध्ये काम थांबवले; नव्या मालकांनी ती विकत घेतल्यावर ते पुन्हा सुरू झाले. रक्कम टप्प्याटप्प्याने देणे आणि आराखड्यावर दोघांच्या सह्या होईपर्यंत नळ्या न कापणे, ही दोन्ही पक्षांना सोयीची रीत आहे.

भारतातील स्थिती

भारतात दीर्घकाळ काळी पोलादी सायकल २०, २२ किंवा २४ इंची सांगाड्यात मिळत असे आणि माणूसच सायकलीच्या मापाचा होऊन जाई. दांडीखालून पाय घालून मोठ्यांची सायकल शिकलेल्या पिढ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. मापाने सांगाडे बनवणारे कारागीर देशात अजून थोडे आहेत. पुण्यात 'सायनाइड' या नावाने डोंगरी वाटांसाठी पोलादी सांगाडे आणि 'बांबूची' या नावाने बांबूच्या सायकली बनवल्या गेल्या आहेत. परदेशी कारागिराकडून सांगाडा मागवल्यास किमतीत वाहतूक आणि आयात शुल्काची भर पडते, आणि दुरुस्तीसाठी तो परत पाठवणे तितकेच खर्चिक होते.

कोकण आणि मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत पोलादी सांगाड्याच्या आत गंजरोधक तेल फवारणे आणि बॉटम ब्रॅकेटच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्र ठेवणे आवश्यक असते. 'पोलाद कोणत्याही गावात वेल्ड होते' असे सांगून लांब प्रवासासाठी ते सुचवले जाते. जाड नळ्यांच्या जुन्या सायकलीबाबत ते खरे आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या बटेड नळीला मात्र रस्त्याकडेचा वेल्डर, ज्याची सवय खिडकीच्या जाळ्या आणि ट्रॉलीच्या चौकटींची असते, सहज भोक पाडू शकतो. तिथे पितळी डाख देणारा जुना सायकलवाला सापडला तर काम अधिक सुरक्षितपणे होते.