आतून अस्तर

साल 1963. लातूरच्या स्टेशनात बार्शी लाइटची छोटी गाडी उभी आहे. मावशीला खिडकीशी बसवून तुम्ही वळकटी बाकाखाली सरकवता. कालच गावातल्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही. बेंबीच्या वर काहीतरी थडथडत होतं. "मुंबईला न्या. परळला," एवढंच ते म्हणाले.

कुर्डुवाडीला गाडी बदलता. दुसऱ्या दिवशी परळचं के.ई.एम. रुग्णालय. तिथले शल्यविशारद डॉ. सेन, डॉ. परुळकर आणि विकृतिशास्त्राचे डॉ. किनारे यांचा महाधमनीच्या मधल्या भागातल्या आजारावरचा लेख याच वर्षी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये येतो. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तनळी. या आजारात तरुण माणसांची ही नळी सुजते, जाड होते, आतून आवळत जाते. परळमध्ये झालेलं हे काम आपल्याकडे घरोघरी ठाऊक असायला हवं होतं.

आवळलेल्या जागेला बाजूनं दुसरी नळी जोडून वळसा देता येतो. मावशीची महाधमनी मात्र छातीपासून पोटापर्यंत फुगली आहे. तेवढी काढायची तर वर चिमटा लावावा लागतो, आणि चिमटा लागला की आतडी, मूत्रपिंडं, मज्जारज्जू सगळ्यांचाच रक्तपुरवठा तुटतो. मावशीला बाकावर बसवून तुम्ही अकरा वर्षं पुढं जाता.

ह्यूस्टन, 1974. शल्यविशारद डॉ. स्टॅनली क्रॉफर्ड असाच फुगा काढत नाहीत. तो उभा चिरतात आणि आत डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी बसवतात. (वीसेक वर्षांपूर्वी याच शहरात डॉ. डिबेकी यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर अशी नळी शिवली होती.) नळीला भोकं पाडून आतड्यांच्या, मूत्रपिंडांच्या धमन्यांची तोंडं आतूनच शिवतात, मग फुग्याची जुनी भिंत वरून मिटवतात. मावशी विरलेल्या बंडीला अस्तर लावते, अगदी तसं. तुमची नजर सुईवर कमी, घड्याळावर जास्त आहे. चिमटा लागलेलं प्रत्येक मिनिट मज्जारज्जूला महाग पडतं. पुढं 1993 मध्ये त्यांच्या 1509 रुग्णांचा हिशेब छापून येईल, त्यात शंभरातल्या सोळांचे पाय दुबळे झालेले किंवा लुळे पडलेले असतील.

रुग्णाला शुद्ध येते. नर्स पायांवरचं पांघरूण बाजूला करते, बोटं हलवायला सांगते. उजवा अंगठा हलतो. तुम्ही श्वास धरून डाव्याकडे बघता. तोही हलतो.

परळच्या बाकावर मावशी पाय दुमडून बसली आहे. बोटांत जोडवी आहेत.