आठवी आज्ञा आणि वकिली

‘नाशिक कट खटला’ हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढील वर्षी मुंबईत तीन न्यायमूर्तींच्या विशेष न्यायासनापुढे अडतीस आरोपींवर खटला चालला. त्यांत भगूरचे विनायक दामोदर सावरकर होते. त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये माझगावचे एक कॅथॉलिक बॅरिस्टर होते, हे मात्र आपल्याच घरांत फारसे ठाऊक नसते. ते जोसेफ बॅप्टिस्टा, म्हणजेच काका बॅप्टिस्टा.

काका हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. पुढे १९१६ साली ते होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. त्यांचे राजकारण उघड होते. तरीही न्यायासनापुढे बचावपक्षाने मांडला तो कायद्याचा मुद्दा: मार्सेय येथे फ्रान्सच्या भूमीवर सावरकरांना झालेली अटकच बेकायदा, म्हणून खटला चालू नये. न्यायालयाने ही हरकत फेटाळली आणि २४ डिसेंबर १९१० रोजी सावरकरांना जन्मठेपेची शिक्षा दिली. युक्तिवाद हरला. परंतु राजकीय पुढाऱ्याची बाजू घेणे आणि न्यायालयाचा गैरवापर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा हा चांगला दाखला आहे.

नऊ वर्षांनी ही सीमारेषा मुंबई उच्च न्यायालयापुढेच तपासली गेली. १९१९ च्या प्रारंभी रौलट कायद्याविरुद्ध गांधीजींनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा सिद्ध केली. हा कायदा, आणि एक समिती ठरवील ते अन्य कायदे, सविनय मोडण्याची ती प्रतिज्ञा होती. अहमदाबादच्या काही वकिलांनी तिच्यावर सह्या केल्या. तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाला तसे कळविले आणि वकिलांना नोटिसा निघाल्या. कायद्याच्या आधारे उपजीविका करणाऱ्याने कोणते कायदे मोडावेत हे एका समितीच्या हाती कसे सोपवावे, हा न्यायालयाचा प्रश्न होता. दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे आपल्याला शुभवर्तमानातून परिचित असल्याने त्या प्रश्नाचे वजन आपण सहज जाणतो. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्या वकिलांना ताकीद दिली.

केनेडी यांचे पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल गांधीजी व महादेवभाई देसाई यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला झाला. त्यांनी माफी मागण्यास नकार दिला आणि मार्च १९२० मध्ये न्यायालयाने त्यांना कडक समज दिली. माझ्या मते त्या वकिलांची भूमिका तपासताना एक गोष्ट विसरता येत नाही: त्यांनी जे केले ते आपल्या सहीनिशी, उघड्यावर केले. न्यायालयाला फसविण्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता.

आता याच्या उलट असलेले चित्र पाहू. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प मिशिगन राज्यात दीड लाखाहून अधिक मतांनी मागे पडले. काही वकिलांनी डेट्रॉइटच्या संघीय न्यायालयात दावा लावून तेथील निकालच बदलून मागितला. न्यायाधीश लिंडा पार्कर यांनी ती मागणी फेटाळली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी नऊ वकिलांवर कारवाई केली. सोबत जोडलेली प्रतिज्ञापत्रे खरी की खोटी, याची साधी चौकशीही त्यांनी केली नव्हती, असा ठपका होता. प्रतिपक्षाचा खर्च द्यावा, बारा तास कायद्याचे शिक्षण पुन्हा घ्यावे, आणि त्यांच्या सनदीचा विचार संबंधित मंडळांनी करावा, असा तो आदेश होता. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने काहींना त्यातून मुक्त केले व रक्कमही घटविली. प्रमुख वकिलांवरील ठपका मात्र कायम राहिला.

काका बॅप्टिस्टांचा पुढारी होता, अहमदाबादच्या वकिलांचा होता आणि डेट्रॉइटच्या वकिलांचाही होता. फरक पुढाऱ्यात नाही. न्यायासनापुढे ठेवलेला शब्द आपण स्वतः पारखून पाहिला होता का, येथे फरक आहे.

न्यायासन हे पारखत नाही तेव्हा काय होते, हे ख्रिस्तसभेला संत थॉमस मोर यांच्या मरणातून कळले आहे. मोर स्वतः वकील, न्यायाधीश आणि इंग्लंडचे लॉर्ड चान्सेलर. १५३५ साली त्यांच्यावरील खटल्यात राजाचाच एक कायदा-अधिकारी, रिचर्ड रिच, साक्षीला उभा राहिला आणि तुरुंगातील संभाषणाचा हवाला देऊन राजाला हवे तेच बोलला. ही साक्ष खोटी आहे, असे मोर यांनी न्यायालयातच शपथेवर सांगितले. न्यायासनाने त्यांचे ऐकले नाही. ६ जुलै रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. रिच पुढे १५४७ मध्ये स्वतः लॉर्ड चान्सेलर झाला.

त्या दिवशी रिचला एका न्यायाधीशाने जरी अडविले असते, तरी कदाचित एका निरपराध माणसाचे प्राण वाचले असते. आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली आज कायदा शिकतात. जमिनीच्या वा वारसाच्या वादात आपणही प्रतिज्ञापत्रांवर सह्या करतो. अशा वेळी ‘वरून सांगितले आहे’ किंवा ‘सगळेच असे करतात’ हे शब्द कानी पडले, तर सही करण्यापूर्वी मजकूर एकदा वाचून पाहावा. आठवी आज्ञा पाळण्यास तेथूनच आरंभ होतो.