कौल: ओस धुळ्याला माणसं देणारा शब्द

१८०३ साली धुळ्यात माणूस उरला नव्हता. यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला होता, त्यावर दुष्काळ कोसळला. पांझरा नदीचं पाणी, काठची काळी जमीन सगळं जागेवर होतं, पण कसणारे हात परागंदा झाले होते.

दुसऱ्याच वर्षी हे गाव पुन्हा वसवलं ते बाळाजी बळवंत नावाच्या एका कारभाऱ्याने. लळिंग आणि सोनगीर हे परगणे पेशव्यांनी विंचूरकर सरदारांना दिलेले होते, आणि बाळाजी त्यांचे आश्रित. या कामाबद्दल त्यांना इनाम जमीन आणि मानपान मिळाले. पुढे दोन्ही परगण्यांचा कारभारही हाती आला, आणि त्यासाठी त्यांनी ठाणं मांडलं धुळ्यातच.

पळालेली माणसं परत कशी येतात? हुकमाने तर येत नाहीत. ज्या रयतेनं एकदा सगळं गमावलं, ती आधी शब्द मागते. मराठी राज्यात या शब्दाला नाव होतं कौल. मूळ अरबी, अर्थ वचन. फारसी दप्तरातून तो आपल्याकडे आला. ओसाड जमीन लावायची तर सरकार कौलनामा लिहून द्यायचं. पडीत जमीन मोडायची म्हणजे झुडपं तोडायची, मुळ्या खणायच्या, बैल आणायचे; पहिल्या पिकात हाती काही लागत नाही. म्हणून धारा, म्हणजे जमिनीचा सारा, सुरुवातीला माफ किंवा अगदी हलका, मग वर्षागणिक थोडा थोडा चढत ठरलेल्या साली पूर्ण. या चढत्या धाऱ्याला इस्तावा म्हणत. नवी पेठ वसवतानाही हीच रीत: व्यापाऱ्याला जागा द्यायची, जकातीत सूट द्यायची, उपद्रव होणार नाही असं लिहून द्यायचं.

१८१८ मध्ये इंग्रज आले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी नव्या खानदेश जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळंच निवडलं. तेव्हाचं धुळं म्हणजे एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला नदी, भोवती बागायत आणि मधे जेमतेम अडीच हजारांची वस्ती. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधायला मंजुरी मिळाली, दूरदूरचे कारागीर आणले गेले, सुमारे २७ हजार रुपये खर्च झाले. घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या आणि जुन्या-नव्या सगळ्यांना पक्क्या घरांसाठी उचल दिली. शहर वसवल्याचं श्रेय आपण ब्रिग्ज साहेबांना देतो. त्यांचा वाटा मोठाच, पण जागा माफ करून माणूस आणायची ही युक्ती या मातीत आधीच मुरलेली होती, आणि त्यांच्या आधी चौदा-पंधरा वर्षं बाळाजी बळवंतांनी गाव उभं केलं नसतं, तर त्यांना निवडायला धुळं उरलं असतं का?

एक गोष्ट मात्र टोचते. 'ओसाड' हा दप्तराचा शब्द. सातपुडा आणि सातमाळ्याच्या रानातल्या भिल्लांसाठी तो मुलूख कधीच ओसाड नव्हता, घर होता. सुरुवातीची वर्षं त्यांच्यावर इंग्रजांच्या फौजाच गेल्या. १८२५ मध्ये धोरण बदललं: इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम यांनी धरणगावाला भिल्ल पलटण उभी केली, आणि गुन्हे माफ करून, जमीन, बियाणं, तगाई देऊन भिल्लांच्या वस्त्या बसवण्याचं काम सुरू झालं. शेजारच्याला मिळालेला शब्द त्यांच्यापर्यंत इतक्या उशिरा पोचला.

आज कौल म्हटलं की देवाला लावलेला कौल किंवा निवडणुकीतला जनतेचा कौल आठवतो. पूर्वी राजा रयतेला कौल द्यायचा, आता रयत देते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

बाळाजी बळवंतांसारख्या माणसांचा माग कागदांतच लागतो. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून असे कागद जपतं आहे. तुमच्या वाड्याच्या माळ्यावर मोडी लिपीतलं एखादं दप्तर पडलं असेल, तर ते रद्दीत घालू नका; तिथं नेऊन दाखवा.