स्वतंत्रपूर आणि दयेचा अर्ज

आटपाडीच्या माळावर पाऊस बेताचाच पडतो. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात मोडत असे. त्या कोरड्या माळावर १९३९ साली संस्थानाने शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांची एक वसाहत उभी केली आणि तिचे नाव ठेवले स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला असे नाव देणे हा कोणास विनोद वाटेल. पण नाव ठेवणाऱ्यांना त्यात विनोद अभिप्रेत नव्हता.

राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याच वर्षी, २१ जानेवारीस, आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना जाहीर केली होती. या कामी गांधीजींचा सल्ला होता, युवराज अप्पासाहेब पंत होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक विलक्षण गृहस्थ होते. हे वॉर्साचे पोलिश ज्यू इंजिनियर. बंगळूरला कारखाना चालविण्यासाठी आले आणि भारतानंद होऊन राहिले. कैद्याला भिंतीआड कोंडण्यापेक्षा त्याला जमीन द्यावी, त्याच्या बायकामुलांना त्याच्याजवळ राहू द्यावे, आणि पाहावे, ही कल्पना मुख्यतः त्यांची. भिंत घातली नाही. पळून जाणे सोपे होते. म्हणूनच न पळण्याला मोल आले.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले, तरी वसाहत मोडली नाही. १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, तो याच प्रयोगावरून. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच आटपाडीकडचे. चित्रपट बर्लिनपर्यंत पोहोचला. माणूस सुधारू शकतो, हे त्याने प्रेक्षकांना पटविले. परंतु सुधारलेल्या माणसाला घरी कोणी सोडावयाचे, आणि केव्हा, हा प्रश्न कायद्याचा आहे, आणि तो पडद्यावर सुटण्याजोगा नाही.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही आपल्याकडील एक चिवट समजूत आहे. १२ जानेवारी १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती निकालात काढली. अर्जदार होता गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे. तुरुंगात मिळालेली सूट धरता आपली वीस वर्षे भरली, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. सुटीचे दिवस कितीही साठोत, सरकारने उरलेली शिक्षा माफ केल्यावाचून सुटका नाही. गुन्ह्याचा तिटकारा आपल्याला कितीही असो, निकालाने बांधले गेले ते सगळेच जन्मठेपी. स्वतंत्रपुरात नांगर धरणारासुद्धा.

१९७८ साली कायदा आणखी कडक झाला. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याखेरीज सोडता येत नाही. चौदा हा आकडा येथे आहे, पण दाराच्या अलीकडे. दार उघडेलच असे नाही. राष्ट्रपती व राज्यपाल यांचा राज्यघटनेने दिलेला दयेचा अधिकार मात्र या कलमाने आखडत नाही, असे न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले.

दयेची बाजू मांडताना दुसऱ्या बाजूकडे पाठ फिरविणे मला प्रामाणिक वाटत नाही. भिलाईचेच घ्या. पोलादाच्या त्या नगरीत २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांना झोपेत गोळी घालून मारण्यात आले. गोळी घालणाराला खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. ज्यांनी आपला माणूस गमावला, त्यांना या हेलकाव्यांत काय वाटले असेल? दयेचा अर्ज वाचणाराने त्यांचेही दुःख टेबलावर ठेवले पाहिजे. तथापि ते दुःख आहे म्हणून वीस वर्षांपूर्वीचा माणूस आणि आजचा माणूस एकच, असे ठरत नाही.

मग तपासावे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली काही कसोट्या घालून दिल्या. गुन्ह्याचा घाव साऱ्या समाजावर आहे काय, पुन्हा गुन्हा होण्याचा संभव किती, गुन्हा करण्याची कुवत उरली आहे काय, आणखी डांबून काही साधेल काय, आणि कुटुंबाची स्थिती कशी आहे. यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे भिंतीआड मिळतच नाहीत. चोवीस तास पहाऱ्यात असलेला माणूस विश्वासाला पात्र आहे की नाही, हे तुरुंगाधिकारी सांगणार तरी कसे? स्वतंत्रपुरात ते दिसते. रोज संध्याकाळी शेतावरून परत येणारा माणूस आपला दाखला स्वतःच लिहीत असतो.

आणि तरीही अर्ज लागत असे. अर्ज लिहिता येणारा, वकील असणारा, मागे धावपळ करणारा भाऊ असणारा सुटे. निरक्षर आणि एकटा मागे राही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जेथे राज्याचे शिक्षामाफीचे धोरण आहे, तेथे पात्र कैद्याच्या सुटकेचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी सरकारने आपण होऊन केला पाहिजे, आणि घातलेल्या अटीही पाळता येण्याजोग्या असाव्यात. औंधच्या माळावर कैद्याच्या हाती जमीन देणाऱ्यांना हा निकाल ऐकून नवल वाटले नसते. एवढा उशीर का, इतकेच त्यांनी विचारले असते.