मंडई आणि आमचा ओटा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी पेठेच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला प्रथम आठवली ती आपली मंडई.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरत असे. १८८६ साली शुक्रवार पेठेत रे मार्केटची अष्टकोनी इमारत उभी राहिली. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नसता बाजारावर एवढा खर्च कशाला, असा महात्मा फुल्यांचा आक्षेप होता. पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले, हे इतिहासाचे नवल!

मंडईभोवतीच्या वाड्यांत कित्येक पिढ्या नांदल्या. माझ्या सासूबाई ऐंशीव्या वर्षीही रोज पिशवी घेऊन मंडईत जात. आणावयाची ती एक जुडी मेथी. पण दोन दिवस त्या दिसल्या नाहीत, तर भाजीवाल्या मावशी निरोप धाडीत. परतताना ओट्यावर घटकाभर टेकत, मग घरात.

म्हणून वाडा फार सोयीचा होता असे मात्र नाही. उंच उंबरा, दोर धरून चढावयाचा अंधारा जिना आणि चौकापलीकडचा संडास! सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, तेव्हा मंडई हाकेच्या अंतरावर असूनही त्यांना वरच्या मजल्यावरच बसून राहावे लागले. त्या खिडकीतून नुसता भाजीवाल्यांचा आवाज ऐकत.

२०१२ साली वाडा पाडावयाचे ठरले. नकाशात लिफ्ट होती, पण तिच्यापाशी पोहोचावयास सात पायऱ्या! ओट्याच्या जागी मोटारी. आम्ही बायकांनी हट्टच धरला. पायऱ्यांशेजारी कठडा लावलेला उतार करून घेतला, न्हाणीघरात धरावयास दांडा बसविला आणि दाराशी दगडी ओटा मागून घेतला. एका मोटारीची जागा गेली, म्हणून काहींनी नाके मुरडली. आज तेच त्या ओट्यावर बसून शेंगा सोलतात. सासूबाईंना मात्र तो पाहावयास मिळाला नाही.

२०२४ साली मंडईपाशी मेट्रोचे भुयारी स्थानक झाले. उरलेल्या वाड्यांचीही पाळी आता येईल. भगिनींनो, नकाशावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा: घरातली म्हातारी माणसे एकटी उठून मंडईत जाऊन येतील ना, आणि परतताना त्यांना टेकावयास जागा आहे ना?